रुमाल टाकलेल्या खुर्च्या

१

सत्तावन्न सालच्या त्या तापाच्या साथीत अख्ख्या लालबागमध्ये सर्वांत जास्त वेळा हात कोण धूत असेल, तर मनोहर टॉकीजचा डोअरकीपर जयवंत परब. तीनचा खेळ सुरू झाला की एकदा, मध्यंतराला एकदा, खेळ सुटला की एकदा. डिलाईल रोडच्या चाळीत परतला की खोलीत पाय टाकण्याआधी नळावर अंगभर पाणी घ्यायचा आणि कपडे बाहेरच भिजत टाकायचा. शेजारी हसायचे. हसेनात का! त्याची पहिली दोन पोरं दीड वर्षाच्या आत गेली होती. तिसरी चंपा, सात वर्षांची, तेवढी राहिली होती. ताप आपल्या अंगावरून घरात जायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्याने मनाशी धरली होती. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

आणि जगाचं तर होतच होतं. गिरण्यांत खातीच्या खाती ओस पडलेली. चाळीत एकेका खोलीत चार-चार माणसं आडवी. तरी संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गर्दी ती गर्दीच, आणि मनोहरला जुना पौराणिक बोलपट लागला तर त्यालाही गर्दीच. अंगात कणकण असली म्हणून पिक्चर चुकवील तो गिरणगावचा माणूस कसला!

थिएटर बंद करायची पाळी येऊ नये म्हणून मालकांनी स्वतःच नियम काढले. खोकणाऱ्याला आत सोडायचं नाही, मध्यंतरात सगळी दारं सताड उघडायची, आणि एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवायची. पहिले दोन नियम सोपे होते. तिसऱ्याने मॅनेजर गुप्त्यांच्या नाकी नऊ आणले. खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तर लोकांनी त्यात शेंगांची टरफलं गुंडाळली. सुतळी बांधली, तर ती सोडून खिशात घातली. मित्राच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय पिक्चर बघितल्यासारखं वाटत नाही, त्याला गुप्ते काय करणार?

उपाय जयवंताने काढला.

"साहेब, रुमाल टाकूया," तो म्हणाला.

गुप्ते गिरगावातले, त्यांना चटकन कळेना. जयवंताला समजावून सांगावं लागलं. गिरणगावात जागेवर रुमाल टाकला की ती जागा धरली. बस असो, सभा असो, भजन असो. रुमालवाला चहा प्यायला गेला असेल, पान खायला गेला असेल, पण तो येणार. तो येईपर्यंत तिथं बसायचं नाही, आणि रुमालाला तर हातच लावायचा नाही. त्यावरून डोकी फुटलेली जयवंताने पाहिली होती.

रुमालांनाही तोटा नव्हता. खेळ सुटल्यावर खुर्च्यांखाली सापडलेले रुमाल तो वर्षानुवर्षं एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकत आला होता. गेल्या वर्षी जानेवारीत बाहेर गोळीबार सुरू झाला, लोक खेळ अर्ध्यावर टाकून पळाले, त्या एका दिवसाचेच सतरा होते. छत्री विसरली तर माणूस परत येतो. रुमालासाठी कोण येतो?

सोमवारी तीनच्या खेळाला त्याने एकाआड एक खुर्चीवर रुमाल टाकले. एकही माणूस त्यावर बसला नाही. गुप्ते म्हणाले, "परब, तुम्ही तर कमालच केलीत." जयवंत त्या दिवशी छाती फुगवून घरी गेला.

२

खेळ सुटला की सगळे रुमाल गोळा करायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे, मागच्या जिन्यावर वाळत घालायचे, असा त्याने परिपाठ ठेवला होता. हात लावायचा नाही, काठीने उचलायचे. मंगळवारी एक रुमाल काठीवरून घसरला आणि त्याने नकळत हाताने झेलला.

रुमाल ओला होता.

घामाने ओला व्हावा तसा, घडीच्या मधोमध. जयवंत जरा थबकला. मग स्वतःलाच म्हणाला, नीट वाळला नसेल. हवा कसली दमट आहे. त्याने तो बादलीत टाकला आणि हात तीनदा धुतले.

बुधवारी त्याने मुद्दाम प्रत्येक रुमाल गालाला लावून, कोरडा आहे याची खात्री करून खुर्चीवर ठेवला. तापाला एवढा भिणारा माणूस, पण त्याला खात्री हवी होती. खेळ सुटल्यावर हात फिरवून पाहिला. तिसऱ्या रांगेतले सगळे ओलसर होते. चौथ्या रांगेतले नुसते ओलसर नाही, कोमट होते. खुर्चीच्या लाकडालाही ऊब होती, माणूस आत्ताच उठून गेल्यावर असते तशी.

कुणीतरी दिवे गेल्यावर बसत असेल, दुसरं काय? अंधारात मित्राजवळ सरकायचं आणि दिवे लागायच्या आधी परत. गिरणगावची पोरं बिलंदर खरी. हे त्याला अगदी पटलं. फक्त एक गोष्ट पटेना. बसणाऱ्याने रुमाल उचलून बाजूला ठेवला असता, नाहीतर बुडाखाली चुरगळला असता. हे रुमाल घातले होते तशाच चौकोनी घडीत होते.

३

त्याच दिवशी संध्याकाळी चंपा जेवणाचा डबा घेऊन आली, जयवंताने तो पायरीवरच घेतला आणि तिला लगेच परत पाठवलं. साडेसहाच्या खेळाला मध्यंतराच्या थोडं आधी एक माणूस दारापाशी आला. तोंडाला उपरणं बांधलेलं, कपाळाला आठ्या.

"अहो मामा, तुम्ही बाहेर पाटी लावता, खोकणाऱ्यास प्रवेश नाही. आणि माझ्या शेजारी आणून बसवलाय तो खोकून खोकून जीव घेतोय."

"कुठली खुर्ची?"

"पाचवी रांग, भिंतीकडून दुसरा मी. तो कोपऱ्यात."

कोपऱ्यात जयवंताने रुमाल टाकला होता. एकाआड एक म्हटल्यावर कोपरा रिकामाच असणार. तो बॅटरी घेऊन आत गेला आणि उजेड खाली धरून बघितलं. खुर्ची रिकामी. वर हिरव्या काठाचा रुमाल.

"आत्ता होता," मागून तो माणूस म्हणाला. "काळासावळा, डाव्या कानात बाळी. मला म्हणाला सुद्धा, जरा सांभाळून घ्या, छातीत फार भरलंय."

जयवंताने त्याला बाल्कनीत नेऊन बसवलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसला.

हिरव्या काठाचा रुमाल राजारामचा होता. राजाराम म्हणजे त्याच्या चाळीतला, दोन खोल्या पलीकडे राहणारा. गिरणीत कापडाच्या साच्यावर काम करायचा, दर शनिवारी तीनच्या खेळाला पाचव्या रांगेत कोपऱ्यात बसायचा. डाव्या कानात बाळी. चंपावर त्याचा फार जीव. चाळीच्या पूजेला, भजनाला, कुठंही आधी जाऊन तिच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचा. दोन शनिवारांपूर्वी त्याचा रुमाल खुर्चीखाली राहिला, जयवंताने भेटल्यावर देऊ म्हणून डब्यात टाकला, आणि डब्यातला तो खुर्चीवर गेला.

राजाराम मंगळवारी पहाटे तापाने गेला होता. जयवंत खांदा द्यायला गेला नव्हता. घरात पोर आहे, ताप येईल, म्हणून दार लावून आत बसला. बाहेरून तिरडी जाताना त्याने ऐकली. त्या गोष्टीची लाज अजून गेली नव्हती.

बाळीवाली माणसं काय कमी आहेत मुंबईत? त्याने स्वतःला विचारलं.

४

ऑपरेटर माधव तांबे वरच्या केबिनमध्ये मशीन चालवायचा. रात्रशाळेत शिकलेला, कमी बोलणारा. त्याच्या घरच्यांनी गेल्या साली बुद्धधर्माची दीक्षा घेतली होती, आणि भूतखेत, नवस, उतारे या सगळ्याला त्याने घरातून कायमची रजा दिली होती. म्हणूनच जयवंत त्याच्याकडे गेला. त्याला कुणीतरी खडसावून सांगायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी खेळ सुरू झाल्यावर तो जिना चढून केबिनमध्ये शिरला. आत मशीनची खडखड आणि उकाडा. प्रेक्षागृहात बघायची जी चौकोनी खिडकी असते तिला माधवने पुठ्ठा लावला होता. मधोमध रुपयाएवढं भोक ठेवलं होतं, पडदा दिसेल इतकंच.

"हे काय रे?"

"उजेड येतो डोळ्यावर."

"खालून कसला उजेड येतो?"

माधवने रीळ बदलायचं निमित्त करून पाठ फिरवली. मग पाठमोराच म्हणाला, "जयवंतराव, तुम्ही एकाआड एक रुमाल टाकता ना?"

"टाकतो."

"मग वरून मला एकाआड एक डोकी दिसायला पाहिजेत."

मशीन खडखडत राहिलं. जयवंताने पुठ्ठ्याकडे हात नेला, तसा माधवने त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे चांगलंच घट्ट.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," तो म्हणाला. "म्हणून मी बघत नाही. दिवे लागले की सगळं बरोबर असतं. दिवे गेल्यावर बघायचंच नाही. तुम्हीही बघू नका."

"आणि बघितलं तर?"

"तर ते पण बघतात," माधव म्हणाला आणि लगेच दुसऱ्या मशीनकडे वळला.

जयवंत खाली आला तो तडक गुप्त्यांच्या केबिनमध्ये. रुमाल बंद करूया म्हणाला. का, ते धड सांगता येईना. ओले होतात, म्हणाला. गुप्त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"परब, आसपासच्या दोन थिएटरांत गर्दीमुळे माणसं आजारी पडली म्हणून बोंब आहे. आपल्याकडे अजून एकही तक्रार नाही. ही सगळी तुमच्या रुमालांची कृपा. उद्या काढले तर लोक पुन्हा खेटून बसतील, आणि कुणाच्या घरी काही झालं तर ते कुणाच्या डोक्यावर?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. तेच तर अवघड होतं. जयवंत मान हलवून बाहेर आला आणि हात धुवायला गेला.

घरी पोचला तेव्हा शांता, त्याची बायको, दारातच उभी होती. ती काही बोलायच्या आधीच त्याला कळलं.

"चंपाचा अंग तापला हा," ती म्हणाली.

५

शुक्रवारी जयवंत कामावर गेला नाही. निरोप पाठवला. आता घरी राहण्यात काय अर्थ होता, ताप तर येऊन बसलाच होता. पण उशाशी बसून राहिला. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, काढायच्या, पुन्हा ठेवायच्या. एवढी काळजी घेतली, एवढे हात धुतले, शेजाऱ्याच्या तिरडीला पाठ दाखवली, आणि तरीही. त्याला रडू येत होतं, ते त्याने शांतासमोर आवरलं.

डॉक्टर शनिवारी सकाळी येऊन गेले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. बाहेर गॅलरीत येऊन म्हणाले, "आजचा दिवस निघाला पाहिजे. संध्याकाळपर्यंत ताप उतरला तर पोर वाचली म्हणा."

दुपारी दोनच्या पुढे चंपा बरळायला लागली. आधी काही कळत नव्हतं. मग तिने डोळे उघडले आणि अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "बाबा, मला फ्रॉक घाल. पिक्चर सुरू होईल."

"कसला पिक्चर गो? गप पडून रहा."

"जागा धरलीय माझी. राजारामकाका सांगून गेले. म्हणाले, लवकर ये, किती वेळ धरून ठेवू?"

शांताचा हात पट्टीवरच राहिला. राजाराम गेल्याचं चंपाला कुणी सांगितलं नव्हतं. काका गावी गेले, असंच सांगितलं होतं.

"भ्रम झालाय तिला," जयवंत म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "शांता, मी आलोच."

"आता? पोरीला असं टाकून जातलात खंय?"

"मनोहरला. पाच मिनिटांचं काम आहे. तू तिचा हात सोडू नको. ती उठायला लागली तर उठू देऊ नको."

शांताने त्याच्याकडे नीट पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे, पण तिने अडवलं नाही.

जयवंत डिलाईल रोडवरून पळत सुटला. भिंतींवर डांबराने रंगवलेल्या समितीच्या घोषणा, बंद दुकानं, कोपऱ्यावर तोंड बांधून उभी माणसं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन रात्रींचा जागा. धाप लागली तरी थांबला नाही.

६

मनोहरच्या दाराशी गुप्ते स्वतः तिकिटं फाडायला उभे होते. खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला होता.

"परब? मुलगी कशी आहे?"

"साहेब, काल-आज रुमाल कुणी टाकले?"

"मीच. डब्यातले काढले आणि टाकले. का?"

दाराचा पडदा बाजूला सारून जयवंत आत गेला.

बॅटरी त्याच्यापाशी नव्हती. आधी नुसता काळोख, आणि पडद्यावर कुणीतरी देव रथातून चाललेला. मग रथाच्या मागे पांढरंफेक आकाश आलं आणि त्याचा उजेड खुर्च्यांवर पडला.

प्रेक्षागृह भरलेलं होतं. एकाआड एक नाही. भरलेलं. खांद्याला खांदा लावून माणसं बसली होती, पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत. त्यातली अर्धी पडद्याकडे बघून हसत होती. उरलेली अर्धी हसत नव्हती.

माधव बघू नका म्हणाला होता. पण बघितल्याशिवाय ती खुर्ची सापडणार कशी? तो पाचव्या रांगेपाशी आला. कोपऱ्यात बाळी चमकली. कोपऱ्याच्या अलीकडची एक खुर्ची सोडून सगळी रांग भरलेली होती. सगळ्या थिएटरात तेवढी एकच खुर्ची मोकळी होती, आणि तिच्यावर रुमाल होता. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या फ्रॉकला टाचतात तसला, लहानसा. पिन अजून त्याला होती.

त्याला कळलं. रुमाल चंपाचा होता. बुधवारी ती डबा द्यायला आली होती, तेव्हा पायरीवर पडला असणार. कुणीतरी उचलून रुमालांच्या डब्यात टाकला. गुप्त्यांनी काल काढला आणि कुठला तरी रुमाल म्हणून, एकाआड एकचा हिशेब चुकून, या खुर्चीवर ठेवला. बिचाऱ्या गुप्त्यांना काय माहीत?

तो रांगेत शिरला. त्याला वाट द्यायला माणसांनी गुडघे आवरून घेतले. काही गुडघे गरम लागले, काही लागलेच नाहीत. खुर्चीपाशी पोचल्यावर रुमाल उचलावा म्हणून त्याने हात पुढे केला, आणि रांगेतल्या न हसणाऱ्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. त्यांचे चेहरे त्याने पाहिले नाहीत. फक्त राजारामचा पाहिला, आणि तोही पुरता नाही.

"हात लावू नको जयवंता," राजाराम म्हणाला. जुन्या सवयीचा, मायेचा आवाज. "पोरीसाठी धरलीय. वाटेत आहे ती."

जयवंताच्या डोळ्यांपुढे खोली आली. शांताच्या हातातून सुटणारा एक लहानसा हात. रुमाल उचलून काही होणार नव्हतं, राजारामने नुसता पंजा ठेवून जागा धरली असती. मोकळी जागा असेपर्यंत तिची वाट बघणारच हे. जागा भरली की मग कुणाची वाट बघायची?

"राजाराम," तो म्हणाला, "तिच्या जागी मी बसलो तर चालेल?"

राजारामच्या छातीत भरलेला श्वास खरखरत होता. मग तो भिंतीकडे सरकला.

"घरचाच माणूस तू. बस. खांद्याला नाही आलास, इथं तरी आलास."

जयवंत बसला.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. पिक्चर चालू होता. कुणी खोकलं की रांगेतून दुसरं कुणी खोकत होतं, आणि थोड्या वेळाने त्याच्या स्वतःच्या छातीतही काहीतरी दाटून आलं. त्याला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पण उठावंसं वाटलं की तो चंपाचं नाव मनात घ्यायचा आणि बसून राहायचा.

मध्यंतराचे दिवे लागले. दारं सताड उघडली. पलीकडच्या खुर्चीवरचा गिरणीवाला उठून चहाला गेला. बाहेरून चाळीतल्या मीराबाईंचा ओळखीचा आवाज आला. त्या म्हाताऱ्या बाई धापा टाकत बोलत होत्या, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"अहो मॅनेजरसाहेब, जयवंताला सांगा, पोरीला घाम फुटला. मघाशी एकाएकी ताप उतरला बघा. उठून बसली, पेज मागितली. शांता रडतेय नुसती. कुठाय तो?"

जयवंताने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. मग तो उठायला गेला, पण खुर्ची सोडता येईना.

"आतच गेला मघाशी, बाहेर आलेला मी पाहिला नाही," गुप्ते म्हणत होते. "तांबे, जरा बघा हो आत. एकेक रांग बघा."

माधव केबिनमधून खाली उतरून आला. पहिली रांग, दुसरी, तिसरी. पाचव्या रांगेच्या टोकाशी थांबला. जयवंताने त्याला हाक मारली. माधवची नजर खुर्च्यांवरून सरकत सरकत आली, त्याच्यापाशी पोचली, आणि तिथं क्षणभर थांबली. त्याचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले. मग त्याने मान फिरवली, अगदी सावकाश, आणि दाराकडे बघून म्हणाला, "पाचव्यात कोणी नाही साहेब. नुसता रुमाल आहे."